कार्ताहेना, अगदी अचानक

मंगळवार, ६ फेब्रुवारी. बोगोता.
गारठा. गिऱ्हाईक कमी. एरिबेर्तो नेहमीसारखा चाव्या घासत बसला होता, मी आमच्या कुलूप-चाव्यांच्या दुकानाच्या भवितव्याचा विचार करत होतो. भागीदारीत अशी विभागणी लागतेच. तेवढ्यात फोनवर विमानाच्या तिकिटांचा सेल दिसला. कार्ताहेना. परवा सकाळी. समुद्र. निर्णय जागच्या जागी. माझ्यात हा गुण आहे, लोकांच्या लक्षात येत नाही.
एरिबेर्तो आढेवेढे घेईल असं वाटलं होतं. "चालेल" म्हणाला. वर म्हणाला, "आबेलार्दो, मला तुझ्याशी जरा बोलायचं होतं." म्हटलं, तिथे बोलू. आभार मानायची एवढी काय घाई?
परतीचं तिकीट त्याने काढलंच नाही. नंतर बघू म्हणाला. अचानकपणा त्याला इतक्या लवकर जमेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, ७ फेब्रुवारी.
संकल्प: टॅक्सी नाही. भारी हॉटेल नाही. पर्यटकासारखं वागायचं नाही.
रोसाल्बाताई म्हणाली, टोपी ने, ऊन बाधेल. म्हटलं, डोंगरातल्या माणसाची कातडी जाड असते. "तुझी आहेच," म्हणाली. ताई कौतुक क्वचित करते.
एरिबेर्तोने दोन मोठ्या बॅगा भरल्यात. चार दिवसांसाठी. लोकरीची घोंगडी शेजाऱ्याला देऊन टाकली. प्रवासाची सवय नसली की माणूस असा गडबडतो.

गुरुवार, ८ फेब्रुवारी. कार्ताहेना.
खोली 'समुद्रापासून पाच मिनिटं' अशी होती. विमानाने असावी. विमानतळाच्या मागेच आहे, प्रत्येक विमान खिडकीतून आत येऊन बाहेर जातं. एरिबेर्तोला म्हटलं, म्हणूनच स्वस्त पडली. तो "हो" म्हणाला.
समुद्राकडे चालत निघालो. वाट मी दाखवली. बासुर्तोच्या मासळीबाजारात पोचलो. समुद्र दुसऱ्या बाजूला आहे म्हणे. पण मासे समुद्रातूनच येतात, तेव्हा अंदाज अगदीच चुकला असं नाही.
तिथे नारळाचा भात आणि तळलेला मासा देणारी एक खानावळ. आतून एक बाई ओरडल्या, "एरिबेर्तो, आलास का रे? किती वाट बघायची माणसाने?" इथली माणसं फारच मनमिळाऊ. अनोळखी माणसाला नावाने हाक मारतात. मला मात्र 'काचाको' म्हणाल्या. डोंगरावरच्या सगळ्यांना इथे तसंच म्हणतात. "छत्री मिटा काचाको, ऊन पडलंय, पाऊस नाही."
बाईंचं नाव नूरिस. एरिबेर्तोला ते न विचारताच माहीत होतं.
त्याच्या ताटात दोन मासे, माझ्या एक. बाईंची मोजण्यात चूक झाली. मी मोठ्या मनाने बोललो नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी.
समुद्र सापडला. एरिबेर्तो सोबत नव्हता, नूरिसच्या शटरचं कुलूप अडकलं होतं म्हणून गेला. सुट्टीतही काम. या माणसाला आराम करता येत नाही.
वाळूवर एका बाईने विचारायच्या आत माझ्या खांद्याला तेल लावायला घेतलं. घासाघीस करताना मी गप्प राहतो, समोरचा आपोआप खाली येतो. ती खाली आली नाही. दुसराही खांदा चोळला आणि दोन्हींचे पैसे घेतले.
दुपारपर्यंत पाठ, खांदे, मान सगळं लालभडक. जाड कातडीला ऊन धरून ठेवायची सवय असते बहुतेक.
एरिबेर्तो संध्याकाळी आला. केस कापलेले, अंगात फुलाफुलांचा शर्ट. म्हणाला, "आता तरी ऐक." म्हटलं, आधी माझी पाठ बघ. कुठूनशी कोरफड घेऊन आला आणि बराच वेळ लावत बसला. भला माणूस. त्याला नफ्यात जास्त वाटा हवा असणार. परत गेल्यावर देईन म्हणतो. विचार करीन.

शनिवार, १० फेब्रुवारी.
पुन्हा नूरिसकडे जेवलो. ती माझ्याकडे बघून सारखी हसते. मी बोललो की तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावते. उद्या घरी जेवायला बोलावलंय, आईला भेटा म्हणाली. आईला.
आता सगळं ध्यानात आलं. वाईट वाटलं. मी काही समुद्रकाठी राहू शकत नाही. दुकान आहे, ताई आहे.
संकल्प: तिचं मन न दुखावता, पण स्पष्ट सांगायचं. आरशासमोर तयारी केली. एरिबेर्तो म्हणाला, कोणाशी बोलतोयस? म्हटलं, उद्या कळेल.

रविवार, ११ फेब्रुवारी.
लिहू नये असं वाटतंय. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.
नूरिसचं घर, तिची म्हातारी आई, एरिबेर्तो स्वयंपाकघरात केळी तळत होता. जेवण वाढल्यावर मी उभा राहिलो. म्हणालो, तुमच्या भावनांचा मला आदर आहे, पण मी डोंगरातला माणूस, या लग्नाला मी होकार देऊ शकत नाही.
मग म्हातारीने विचारलं, "नूरिस, एरिबेर्तो हाच का गं? हा तर नको म्हणतोय."
"नाही गं आई. एरिबेर्तो तो, केळी तळतोय तो. हा त्याचा मित्र."
"मग याला कोणी विचारलं?"
एरिबेर्तो झारा हातात घेऊन बाहेर आला. म्हणाला, "दोन वर्षं झाली आमची ओळख होऊन. फोनवर बोलायचो, तू जेवायला गेलास की. मी इथेच राहतोय, आबेलार्दो. चार वेळा सांगायला गेलो, तू बोलूच देईनास."
म्हटलं, मला ठाऊकच होतं. भाषण गमतीचं होतं.
नूरिस म्हणाली, "मग एवढा घाम का फुटला, भावजी?"
घाम उकाड्याचा होता. पण भावजी मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. दुसरा मासा वाढला तो खाल्ला.

सोमवार, १२ फेब्रुवारी.
विमानतळ जवळच, चालतच आलो. माझी पिशवी एरिबेर्तोने घेतली. "दुकान जमेल ना तुला?" म्हणाला. म्हटलं, इतकी वर्षं चालवत कोण होतं? तो हसला नाही. मिठी मारली. खांदे अजून भाजलेले, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं. त्याचे खांदे भाजलेले नव्हते, तरी त्याच्याही आलं. दमट हवा.

बुधवार, १४ फेब्रुवारी. बोगोता.
पाऊस. एकटाच. शांतपणे काम करता येतं हा मोठा फायदा.
एक बाई चावी करून घ्यायला आल्या. करून दिली. परत आल्या, लागत नाही म्हणाल्या. पुन्हा करून दिली. परत आल्या. म्हटलं, बाई, दोष तुमच्या कुलपात आहे.
त्यांनी माझ्या मागे डोकावून बघितलं. "ते दुसरे नाहीत का?"
रजेवर आहेत, म्हटलं.
"मग थांबते मी," म्हणाल्या आणि एरिबेर्तोच्या स्टुलावर बसल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.