फोटोमागची सही

संगमेश्वर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. आरोहीचं वजन सहा किलो झालं, सर्दीही गेली. वहिनी ठीक आहे. फक्त तुझा फोन ठेवला की आरोहीला घेऊन मागच्या अंगणात जाते. बाबा रोज चिंतामणी सरांच्या आंब्याच्या बागेत राखणीला जातात. यंदा मोहोर उशिरा आला.

तू म्हणशील, हिला पत्र लिहायचं कुठून सुचलं? फोनवर वहिनी शेजारी असते, आणि तुझ्या खोलीत तुझ्याबरोबर हॉटेलात काम करणारे ते दोघे. म्हणून.

आरोहीच्या इंग्लंडच्या पासपोर्टच्या अर्जाचं सांगते. तू सही करून पाठवलेला अर्ज पोचला. आरोहीचा फोटोही झाला. फोटोवाल्याने सदतीस काढले, कारण डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं, हे दोन्ही एकदम करायला ती तयार नव्हती. राहिली ती फोटोच्या मागची सही, फोटोतली ही आरोहीच आहे अशी कुणीतरी ग्वाही द्यायची ती. तू म्हणालास, एवढ्या गावात एक माणूस मिळणार नाही का? दादा, नाही मिळत. तुला दोन वर्षांहून जास्त ओळखणारा, शिक्षक किंवा डॉक्टर किंवा बँकेतला, स्वतःचा पासपोर्ट असलेला, आणि नात्यातला नसलेला. डॉक्टरांनी तुला पाहिलेलं नाही. बँकेचे साहेब दिवाळीत बदलून आले. वाडीत पासपोर्ट आहेत ते आखातात जाऊन आलेल्यांकडे, आणि ते सगळे आपले चुलते नाहीतर मामे. मी शिक्षिका, पण तुझी बहीण.

वहिनीला रजा संपते म्हणून एप्रिलअखेर तिकडे परत निघायलाच हवं, आणि तू अजून लेकीला हातात घेतलेलं नाहीस. म्हणून मी चिंतामणी सरांची वाट बघत होते. ते नि उमाकाकू मुलाकडे, सलिलकडे, कॅनडाला गेले होते, गुरुवारी परतले. निवृत्त मुख्याध्यापक, तुला पाळण्यात पाहिलेले. त्यांच्याइतकं योग्य माणूस त्या नियमांना दुसरं सापडलं नसतं.

काल गेले होते. सरांनी सही केली नाही. दुसरं कोणीतरी बघू.

बाकी इकडे थंडी कमी झाली आहे. बाबांनी पडवीची दोन कौलं बदलली.

बुधवार

पत्र तसंच बंद करून टाकणार होते. जमलं नाही. मुलांना शाळेत सांगते, उत्तर येत असेल तर जागा कोरी सोडू नका.

शनिवारी सर ओटीवर बसले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि सूचनांचा कागद पहिल्या ओळीपासून वाचला, आपल्या निबंधाच्या वह्या वाचायचे तसा. पेन उघडलं. मग टोपण परत लावलं.

"मनस्वी, मला ही सही करता यायची नाही. अर्जदाराशी रक्ताचं नातं नसावं, असं लिहिलंय."

मी हसले. म्हटलं, "सर, तुमचं-आमचं कसलं रक्ताचं नातं?"

उमाकाकू सूप घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, करा की. इंग्लंडातून कोण बघायला येतंय?"

"खाली माझं नाव येतंय, उमे."

"नावाची काळजी आज बरी आठवली," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सर कागदाकडे बघत बोलले. "तुझा बाप, बाबल्या, माझा भाऊ आहे. आमच्या वडिलांचा मुलगा. तुझी आजी, जनी, आमच्याकडे कामाला होती तेव्हाचा."

आजोबा मुंबईला गिरणीत होते, वर्षातून एकदा गणपतीला यायचे, हे आपण किती वेळा ऐकलंय. मी कधी महिने मोजले नाहीत. कोण मोजतं?

घरी कशी आले ते सांगता येणार नाही. चप्पल सरांच्या अंगणातच राहिली, एवढं खरं.

बाबा माडाच्या झावळीचा झाप विणत होते. "गावली सही?"

"नाही."

"का?"

मी अर्ज कपाटात ठेवायला वळले. त्यांचे हात थांबले. "बोलले काय तुला?"

"तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

"आये जाताना बोलली. त्येच्या आधी लोक बोलायचे." त्यांनी पुढची पाती दुमडली. "जा, सांग गुरुजींना. नातं नाय म्हणून लिवा. एकसष्ट वर्सं तेच चालवलानी ना? आता एका सहीपुरता काय झाला?"

दादा, मला चार दिवस हेच कळत नाही. त्या माणसाला आपल्या पाठच्या भावाला अंगणात उभं ठेवून हिशेबाने आंबे मोजायला लावता आलं. वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा देता आला. आणि परक्या देशाच्या कागदावर एक खोटी ओळ लिहिता आली नाही. खरं बोलायला मला त्यांनीच शिकवलं. शनिवारी मात्र मनातून वाटत होतं की त्यांनी सही करून टाकायला हवी होती आणि मला काही कळायला नको होतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक. दहावीनंतर बाबा मला काजूच्या कारखान्यात पाठवणार होते तेव्हा सर घरी आले, "ही पोर शिकणार" म्हणाले. घरातली पहिली पदवी. मी आजवर समजत होते, माझ्यात काहीतरी दिसलं म्हणून आले. आता ठाऊक नाही ते कशासाठी आले होते. विचारायचं धाडस नाही.

काल दुपारी सर रिक्षाने आले. सोबत तुझे चित्रकलेचे हरिश्चंद्र मास्तर, अलोऱ्याला लेकीकडे असतात ते. सरांनीच त्यांना शोधून आणलं. मास्तर मागे मुलीबरोबर सिंगापूरला जाऊन आले, त्यामुळे पासपोर्ट आहे. वहिनीने खुर्च्या मांडल्या. मास्तरांनी फोटो बघितला, आरोहीला बघितलं. "नाक विनोदचंच. वर्गात तो माझंच चित्र काढायचा, ढेरीसकट," म्हणाले. मग पेन हातात घेऊन थांबले.

"पण सर, तुम्ही असताना मी कशाला?"

"नात्यातल्याची चालत नाही."

"कुणाच्या नात्यातल्याची?"

सरांनी बाबांकडे हात केला. "हा माझा भाऊ."

मास्तर बाबांकडे बघत राहिले. वहिनीच्या हातात चहाचा ट्रे होता, ती दारातच थांबली. तिला तोवर काही माहीत नव्हतं. आरोही तेवढी हुंकार देत होती.

बाबा म्हणाले, "मास्तर, आदी सही करा. पोरीचा बापूस तिकडं वाट बघतोय."

सही झाली. मी फोटोच्या मागची शाई सुकेपर्यंत फुंकर घालत बसले. अर्ज उद्या मुंबईला जाईल, म्हणजे आरोही तुझ्याकडे यायला आता आपल्याकडून काही अडणार नाही.

सर जायला उठले. मी दरवेळी वाकून नमस्कार करते. काल उभीच राहिले. बाबा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. "सावकाश जा," म्हणाले. आजवर ज्याच्या पुढेमागे "गुरुजी" लागलं नाही असं वाक्य बाबा त्यांच्याशी बोलले नव्हते. काल त्यांना त्यांनी कुठल्याच नावाने हाक मारली नाही. रिक्षा वळेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत होते.

तू बाबांना फोनवर काही विचारू नकोस. यायचं झालं तर ये आणि समोर बसून विचार. आरोहीला मोठेपणी काय सांगायचं ते तू आणि वहिनी ठरवा, पण तिने मला विचारलं तर मी खरं तेच सांगणार आहे, हे आधीच कळवून ठेवते.

तुझी बहीण, आणि बाबल्याची मुलगी,
मनस्वी