धुराड्याच्या जागची वीट

अक्का,

तुला 'आई' अशी हाक मी कधी मारलीच नाही. सगळं घर अक्का म्हणायचं, मीही तेच म्हणत आलो. आज स्वयंपाकघर नव्याने करायला गवंडी आलाय. गॅस बसायचाय. "धूर जायला वाट ठेवायची का?" त्याने विचारलं.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. शिवाजीनगरातून मी मोठ्या ऐटीत रॉकेलचा स्टोव्ह आणला, चूल फोडली, भिंतीतलं धुराडं विटांनी बुजवून पुढे डब्यांसाठी फळी ठोकली. तू म्हणालीस, "स्वल्प जागा ठेव रे. मी सोवळ्यात दार लावून बसते." मी खेकसलो, "अगं, स्टोव्हला कुठला आलाय धूर! तुला काय कळतंय त्यातलं?" तेही गवंड्यादेखत. तू तुझ्या कानडीत "सरी", म्हणजे 'बरं', म्हणालीस नि आत गेलीस. ते 'सरी' काही केल्या कानातून जात नाही.

मग तुझा खोकला सुरू झाला. विचारलं की म्हणायचीस, "फोडणीचा ठसका रे, दुसरं काय!" एकदा डोकं दुखतं म्हणून मी ऑफिसातून दुपारीच परतलो, मागच्या बोळाने. बघतो तर धुराड्याच्या जागची एक वीट गायब आणि त्या भोकातून तुझ्या आमटीचा वास येतोय. उलथन्याने उकरली असशील! मी वळसा घालून पुढच्या दाराशी आलो, कडी वाजवली. आत आलो तेव्हा वीट जागेवर होती, पुढे पितळी डबा होता आणि तू धापा टाकत हसत होतीस. मी पाणी मागितलं.

संध्याकाळचा स्वयंपाक मी घरात असताना व्हायचा. म्हणजे वीट लावूनच. तू खोकल्याने गेलीस की वयाने, डॉक्टर बोलला नाही, मीही विचारलं नाही.

गवंड्याला सांगितलं, चांगली मोठी वाट ठेव. "घरात माणसं किती?" म्हणाला. एकटाच, म्हटलं. आता इथं मला कोणी खोटं सांगायलाही नाही, अक्का.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून त्या डब्यात ठेवतो. त्या दुपारनंतर मी रोज कडी वाजवायला लागलो, तेव्हा तू चिडवायचीस, "स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी कडी कसली वाजवतोस?" तुला वीट लावायला वेळ मिळावा म्हणून वाजवत होतो. 'राहू दे उघडी' एवढं काही म्हणवलं नाही.