सतराव्या बिळातलं धाकटं पिल्लू

१२ एप्रिल

ती. मावशीस,
भुंगीचा सा. न. वि. वि.

तू शिवून पाठवलेले लांब बाह्यांचे दोन्ही सदरे पोचले. उन्हाने हात करपून निघत होते, ते वाचले. सदऱ्यांचं मात्र खरं नाही, कोपरापासून मनगटापर्यंत चिखल असतो.

एवढं शिकून नदीकाठी पोटावर पडून तू करतेस तरी काय, असं तू विचारलंस. सांगते. इथल्या दरडीत वेड्या राघूंनी बिळं केली आहेत. त्यातल्या चौसष्ट बिळांमधली पिल्लं मी एक दिवसाआड बाहेर काढते, वजन करते, पंख मोजते आणि परत ठेवते. सगळी पिल्लं एकाच दिवशी अंड्यातून बाहेर येत नाहीत. थोरल्या-धाकट्यात चार-पाच दिवसांचं अंतर पडतं. आईबाप किडे घेऊन आले की थोरली पुढे घुसतात आणि धाकटं कोपऱ्यात राहतं. अशी धाकटी किती जगतात आणि कशाच्या जोरावर, हाच माझा पीएच.डी.चा प्रश्न. म्हणून नियम एकच आहे. मोजायचं, मदत करायची नाही.

तो मी मोडला. सतराव्या बिळातलं धाकटं सहा ग्रॅमवर अडकलं होतं, भावंडं चौदावर गेली होती. हातात घेतलं की ते माझ्याकडे बघून चोच उघडायचं. सलग पाच दिवस मी त्याला चिमट्याने नाकतोडे भरवले. आता ते अकरा ग्रॅम भरतं, आणि नोंदींची वही वाचणाऱ्याला वाटेल की ते आपल्याच बळावर वाढलं. बाईंना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, मी काही बोललेली नाही. एका पिल्लाने काय होतंय, असं स्वतःला समजावते आणि वही उघडली की ते पान पटकन उलटते. तुला सांगितल्याशिवाय राहवेना. रागाव हवं तर, पण पत्र पाठव.

तुझी माया आहे तशी राहू दे,
भुंगी

२० एप्रिल

चि. भुंगीस,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

सदरे चिखलात लोळवायला शिवले नव्हते, तरी लोळव. आणखी दोन बेतते आहे, या वेळी मातकट रंगाचे, म्हणजे तुझं काम दिसणार नाही.

रागावले नाही. तू लहानपणी मुंग्यांची रांग मोडू नये म्हणून अंगणाला वळसा घालून शाळेत जायचीस आणि उशीर झाला म्हणून मार खायचीस. आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही.

नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून माझं दुसरं वर्ष होतं. अपुऱ्या दिवसांचं एक बाळ होतं. दोन किलो भरल्याशिवाय घरी सोडायचं नाही, असा मोठ्या सिस्टरांचा दंडक. बाळाची आई महिनाभर बाहेरच्या बाकावर बसून होती. रोज मला विचारायची, आज तरी सोडाल का. त्या दिवशी साठ ग्रॅम कमी होते. मी तक्त्यावर दोन किलो लिहिलं. आपण फार चांगलं काम केलं, असंच वाटलं मला. चौथ्या दिवशी बाळ निळं पडून परत आलं. वाचलं ते, पण अकरा दिवस त्याच्या काचेच्या पेटीपुढे मी उभी होते. जाताना ती बाई माझेच हात धरून रडली, तुमच्यामुळे वाचलं म्हणाली. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. तीस वर्षं झाली.

तू भरवलंस ते बरं की वाईट, हे मला ठरवता येत नाही. पण वहीत लिहिलेलं खरं धरून उद्या दुसरं कुणी पाऊल टाकणार. बाईंकडे जा. ओरडतील, ऐकून घे. माझ्यासारखी तीस वर्षं घालवू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी मावशी

६ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात ठेवूनच बाईंच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. मग त्यांनी सतराव्या बिळाच्या पानावर आडवी रेघ मारली आणि बाकीची पानं खरी कशावरून, असं विचारलं. तीन वर्षांचं काम वाया गेलं, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः नदीवर आल्या. गुडघे दुखत असताना दोन दिवस माझ्या शेजारी पालथ्या पडून त्यांनी वजनं घेतली आणि वहीशी ताडून पाहिली. आकडे जुळले. परतताना म्हणाल्या, “तू स्वतःहून आलीस, म्हणून त्रेसष्ट बिळं उरली. मला नंतर कळलं असतं तर एकही उरलं नसतं.” सतरावं बीळ का वगळलं, ते प्रबंधात माझ्याच शब्दांत लिहायचं आहे.

पिल्लू परवा उडालं. थेट पाण्यावरून पलीकडे गेलं. वहीत आता त्याला जागा नाही, म्हणून तुला कळवते.

मावशी, ते पत्र लिहिणं तुला किती जड गेलं असेल. त्याच्या आधारावर मी बाईंच्या दारात उभी राहू शकले. आभार मानायला बसले की शब्द तोकडे पडतात, तेव्हा तू समजून घे.

कायमची तुझी,
भुंगी

२८ मे

चि. भुंगीस,
अनेक आशीर्वाद.

आभार कसले मानतेस, मीच तुझे मानायला बसले आहे. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात नव्या नर्सेसना वजन-तक्ते शिकवायची पाळी माझी होती. दरवर्षीचं बोलून झालं आणि काय वाटलं कोण जाणे, ती साठ ग्रॅमची गोष्ट त्यांना सांगून टाकली. त्यांचं माझ्याबद्दल काय मत झालं असेल, या विचाराने नंतरचा चहाही गेला नाही.

तेवढ्यात त्या नर्सेसमधली एक मुलगी मागे मागे आली. सकाळी घाईत एका बाळाचं वजन कालच्यावरून अंदाजाने लिहिलं, असं खाली मान घालून म्हणाली. दुपारी त्याला घरी सोडायचं होतं. आम्ही दोघी तशाच वॉर्डात गेलो आणि बाळाला काट्यावर ठेवलं.

वजन खरंच कमी भरलं. त्याला ठेवून घेतलं आहे. आज आठवा दिवस, दूध चांगलं ओढतंय.

तुझी मावशी