वजडीवाल्याचे तळवे

१९ जानेवारी
ल्युबेनचे तळहात वजडीसारखे दिसायला लागलेत! विनोद नाही – विनोद मी शनिवारच्या सदरात करते, इथे नाही. कातडी जाड, मखमली, मध्ये खोल खोल घळी. वजडीच्या सुपाचं दुकान चालवणाऱ्या नवऱ्याच्या हातावर वजडीच उगवावी! मी हे सदरात लिहिलं असतं तर संपादक म्हणाला असता, बाई, जरा कमी ताणा.

२२ जानेवारी
सकाळी दुकानात नेहमीची मंडळी, कालच्या राकिया दारूची नशा गरम सुपाने उतरवायला. टॅक्सीवाला झेल्यू ओरडला, "ल्युबेन, हात वाडग्यात बुडवू नकोस रे, चुकून चावेन!" सगळं दुकान हसलं. ल्युबेन सगळ्यांत मोठ्याने.

सासूबाईंचं निदान तयारच आहे. "जन्मभर वजडी घासतोयस. मिठात हात, व्हिनेगरात हात. आणखी काय होणार?" रोज डुकराची चरबी आणून चोळतात. आमच्या अंथरुणाला आता खानावळीचा वास येतो.

३ फेब्रुवारी
एक शंका. दर रविवारी वजडी मीही धुते, लग्न झाल्यापासून. माझे हात जसेच्या तसे. ल्युबेनला म्हटलं तर म्हणाला, "तुझी जीभ काम करते गं, हात कुठे?"

पण घळी वाढल्यात.

७ फेब्रुवारी
कातडीच्या डॉक्टर मिलुशेवाबाई आज पहिल्यांदाच दुकानात आल्या. त्यांच्या भाचीचं लग्न झालं होतं काल – डोळ्यांवरून कळत होतंच. ल्युबेनने वाडगा पुढे ठेवला. बाईंनी वाडगा सोडून त्याचा हात धरला! खिडकीपाशी नेलं, दोन्ही तळवे उजेडात धरले.

"सिगारेट?"
"सोडली, डॉक्टरीणबाई."
"कधी?"
"परवा."
"उद्या छातीचा फोटो काढून घ्या."
"छातीचा? अहो, मी हात दाखवतोय!"
"तेच बघून सांगतेय."

झेल्यू लसूण-व्हिनेगरची बाटली हातात धरून तसाच. मी बाईंच्या मागे रस्त्यावर पळाले. म्हणाल्या, डॉक्टरांच्या पुस्तकांत या हातांना नावच आहे – वजडी-तळवे. "दुसऱ्या कुणाचे असते तर लगेच कुणीतरी विचारलं असतं. याचे होते, म्हणून सगळ्यांना कारण आयतं मिळालं."

सूप तसंच राहिलं. गार.

१२ फेब्रुवारी
उजव्या फुफ्फुसात गाठ. बदामाएवढी.

१३ फेब्रुवारी
शनिवारचं सदर पाठवलं नाही. पहिल्यांदाच.

१५ फेब्रुवारी
मिलुशेवाबाईंना गाठून सगळं विचारलं. खोकला नाही, वजन घटलं नाही, जिना धडाधड चढतो – मग हातांनाच कसं कळलं? म्हणाल्या, गाठ रक्तात कसलासा रस सोडत असावी. वाढा, असं सांगणारा. तो अंगभर फिरतो, आणि तळव्यांची कातडी ते मुकाट ऐकते. गाठ स्वतः तिथवर जातच नाही. अशाच गाठींनी कुणाचे स्नायू ढिले पडतात, कुणाचा तोल जातो. का एकाचे हात आणि दुसऱ्याचा तोल, हे त्यांनाही पुरतं ठाऊक नाही. हे सांगताना त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा खाली आला.

राजधानीतून हुकूम निघाला आणि आमच्या पाझार्जिकमध्ये खड्डा बुजला, असं मी हयातीत पाहिलं नाही. आणि इथे एक बदाम! छातीच्या काळोखात बसून फर्मान काढतो, आणि बोटांच्या टोकांपर्यंत अंमलबजावणी! मला त्याचा राग यायला हवा. येतोही. पण रागाच्या खाली दुसरंच काही आहे. ल्युबेन झोपला की मी त्याच्या तळव्यावरून बोट फिरवते. लपूनछपून वाढणाऱ्याने स्वतःच पाटी लावली. आम्ही ती वाचून हसलो.

२० फेब्रुवारी
ऑपरेशन ठरलं. सासूबाईंना फक्त 'छातीत गाठ' एवढंच सांगितलं. ल्युबेन म्हणाला, "हातांचं बोलू नकोस. चोळू दे तिला चरबी. तेवढंच तिच्या हातात आहे."

१ मार्च
गाठ निघाली, पूर्ण. इतरत्र काही दिसत नाही म्हणाले. तो शुद्धीवर येण्याआधीच सासूबाईंनी त्याच्या मनगटाला एक मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधला, वर्षभर तब्येत राहावी म्हणून बांधतात तो. नर्स ओरडली. सासूबाई म्हणाल्या, "ए पोरी, तुझ्या सलाइनच्या आधीपासून बांधतोय आम्ही."

२६ एप्रिल
घळी भरून येताहेत! आधी वाटलं, मलाच तसं पाहायचंय म्हणून दिसतंय. मिलुशेवाबाईंनीही पाहिलं. "सगळ्यांचे उतरत नाहीत," म्हणाल्या, आणि चक्क चष्मा काढून डोळे पुसले. हुकूम देणारा गेला, आणि हातांना ते कळलं! छाती कापली, बरा झाला तळवा! माझ्यासारखीला काय म्हणावं सुचत नाही. ल्युबेन म्हणतो, "ही गप्प बसली! डॉक्टर, हिलाही तपासा."

२ जून
सासूबाईंना आज अखेर सांगितलं, हात कशाने तसे झाले होते ते. त्यांनी ल्युबेनचा गुळगुळीत तळवा कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "तुझ्या बापाचे असेच झाले होते. शेवटच्या वर्षी. मी रोज चरबी चोळायची."