कुमारपर्वताचा नारळ

४ जानेवारी १९९८, रविवार
देवपूजा झाली. मन शांत आहे. ओरिसातल्या डेपोला झालेली माझी बदली रद्द झाली. अर्ज मी स्वतः इंग्रजीत लिहिला होता. शेवटी कर्मफळाचा सिद्धांतही थोडक्यात मांडला होता. त्याचाच परिणाम. देवाचाही हात असणारच.
अहल्येने कुक्के सुब्रह्मण्याला नवस केला होता. बदली टळली तर तिथल्या कुमारपर्वताच्या माथ्यावर नारळ. तिला दमा, ती चढणार कशी? पत्नीचा नवस पतीने फेडावा, ही रीत. पण आज कळले, नारळ तिने वरच्या बिऱ्हाडातल्या विलासरावांकडे दिला आहे. ते आमच्याच कंपनीत, पर्सोनेल सेक्शनला. पुण्याहून आलेले. दरवर्षी ग्रुप घेऊन डोंगर चढतात, म्हणून.
मी एवढेच विचारले, या घरात माणूस नाही का? ती म्हणाली, कारण आहे, नवस फिटला की सांगेन, आधी बोलू नये.
मला मत्सर वाटत नाही. मत्सर हा सहावा रिपू. मी त्याला ओळखून आहे.

६ जानेवारी
कंपनीच्या बसमध्ये विलासरावांना सांगितले, मीही येतो. नारळ परत द्या. त्यांना आनंद झाला. खरा आनंद. या माणसाची हीच खोड आहे. म्हणाले, तीन दिवसांची वाट आहे, कुक्केहून चढायचे आणि पलीकडे सोमवारपेठ गावाच्या बाजूला उतरायचे, मजा येईल. नवसाला मजा म्हणतात पुण्यात.
ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत. केस काळे. रंगवत असावेत.

९ जानेवारी
उद्यापासून रोज पहाटे तळ्याला दोन फेऱ्या. गावी शाळेला मी ओढा ओलांडून अनवाणी जात असे. विलासराव शाळेत सायकलने गेले असणार. फरक पडतो.

१० जानेवारी
धुके होते.

१३ जानेवारी
एक फेरी. वाटेत विलासराव भेटले, पळत होते. हात केला. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. चपला होत्या.

१७ जानेवारी
इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात जाऊन कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, स्वल्प घट्ट आहेत, पण सैल होतील. विलासरावांचे बूट घोट्याच्या वर येतात. देवाकडे जाताना एवढा थाट बरा नव्हे.
अहल्या त्यांच्यासाठी चकल्या करते आहे. ग्रुपसाठी, असे ती म्हणते.

२३ जानेवारी, शुक्रवार. बसस्टँड
अहल्या पोचवायला आली. मला म्हणाली, सांभाळून. विलासरावांना म्हणाली, यांना सांभाळा. माथा गाठता आला नाही तर नारळ त्यांच्याकडे द्यायचा, असे माझ्याकडून कबूल करून घेतले. केले कबूल. तशी वेळ येणार नाही.
नारळ सोललेला नाही. देवापुढेच सोलायचा, ही आमच्या घरची रीत. पिशवीत नारळ, पूजेची डबी, तांब्याचा गडू, सहाण. विलासराव म्हणाले, सहाण ठेवून जा. मी म्हटले, गंध काय पाकिटातून काढू?

२४ जानेवारी. कुक्के, सकाळ
नदीवर स्नान, दर्शन. आज एकादशी. मी कडक उपवास धरला आहे, दूधसुद्धा नाही. विलासरावांनी तीन इडल्या खाल्ल्या. अन्नाने पाय चालतात, की श्रद्धेने, ते आज दिसेल.

त्याच दिवशी, दुपार
जंगलातली चढण. झाडांची मुळे पायऱ्यांसारखी. फार सुंदर. दर मुळावर बसून पाहिले. ग्रुप पुढे गेला. विलासराव मागे राहिले, मुद्दाम. पक्ष्यांची नावे सांगत होते. श्वास चालू असताना एवढे बोलवते कसे?

संध्याकाळ
अर्ध्या वाटेवर एका भटांचे घर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण देतात. गरम भात, सारू, ताक. सगळे जेवले. मी ओसरीवर बसून जप केला. विलासराव दुसऱ्यांदा ताक घेताना माझ्याकडे बघत होते. दया दाखवत होते. जपात लक्ष लागले नाही, याला जबाबदार तेच.
समोर दरी, ढग खाली, आपण वर. असे दृश्य मी आयुष्यात पाहिले नव्हते. विलासरावांनी ते नऊ वेळा पाहिले आहे म्हणे.

२५ जानेवारी, रविवार. दगडी मंडपाजवळ
द्वादशीचे पारणे पहाटेच करायचे होते. पण पूजेशिवाय खायचे नाही, आणि सहाणेवर चंदन उगाळेपर्यंत ग्रुप निघाला. पेज तशीच राहिली. पिवळे गवत, सावली नाही, वाट सरळ आकाशात जाते. तीन माथे ओलांडले. प्रत्येक वेळी वाटले, हाच.
मंडपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. गडू घरंगळत दरीत गेला. पडलो नाही. बसलो, जरा वेगाने.
विलासराव धावत खाली आले. ग्लुकोज पाजले, बूट काढले. दोन्ही टाचा सोललेल्या. मी म्हटले, थोडे थांबून येतो. त्यांनी नुसता हात पुढे केला, नारळासाठी.
मी दिला नाही. ते बसून राहिले. ग्रुप वर दिसेनासा झाला. मग मी अहल्येला दिलेला शब्द आठवला आणि नारळ त्यांच्या हातात ठेवला. डोळ्यांत पाणी आले ते उन्हामुळे.
"न सोलता नेतो. वरच सोलतो. तुमच्या घरची रीत आहे ना."
एवढे बोलून निघाले. वर चढताना त्यांनी एकदाही मागे पाहिले नाही. पाहिले असते तर मला राग आला असता. न पाहिल्याचाही आला.

२६ जानेवारी. परत कुक्के
ग्रुप सोमवारपेठेकडे उतरला. विलासराव माझ्यासाठी परत फिरले. एवढा चढून गेलेला माणूस ती बाजू न पाहता आला. पिशवी त्यांच्या पाठीवर, मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. भटांकडे दोघे जेवलो. मी तीनदा भात घेतला. त्यांनी मोजले नाही.
तरी सत्य हेच, की नारळ मीच पाठवला. पाठवणाराच नवस फेडणारा.

१ फेब्रुवारी, रविवार
पाय गरम पाण्यात. अहल्येने प्रसादाची वाटी देवापुढे ठेवली. मी म्हटले, नवस फिटला, आता सांग, तो माणूस कशाला हवा होता?
ती म्हणाली, "तुमचा अर्ज विलासअण्णांनी वर जाऊच दिला नव्हता. मोठ्या साहेबांना तुम्ही पुढच्या जन्माची भीती घातलेली. त्यांनीच दुसरा अर्ज लिहिला, तीनदा साहेबांच्या दारात उभे राहिले. देवाने ज्या हाताने काम केले, नारळ त्याच हाताने फुटावा, असे मी बोलले होते. तुम्ही वर पोचला असता तर माझा नवस अर्धाच फिटला असता."
तिला विचारले, त्यांनी मला का सांगितले नाही? ती म्हणाली, त्यांनीच बजावले होते, कृष्णमूर्तीरावांना वाईट वाटेल.
बराच वेळ विचार केला. अर्जात पुढच्या जन्माविषयी एकच परिच्छेद होता.
वर जाऊन त्यांचे आभार मानायचे नक्की केले आहे. उद्याच. जिना मात्र दोन वळणांचा आहे. टाचा भरल्यावर जावे, हे उत्तम.