सेकंदाला तेहतीस कोटी ठोके

बाबा,

झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुम्ही वालीवच्या मोटार-दुरुस्तीच्या शेडमध्ये माझ्या, हातात धरून खेळायच्या गेमचं चार्जिंगचं सॉकेट सोल्डर करून पक्कं केलंत.

२. बॅटरीवर बोट फिरवून म्हणालात, "ही खोटी हाय. भरली दाखवते, पन आत काय नाय. हिच्या भरवशावर काय करू नको."

३. त्याच दुपारी, घरी, बॅटरी पडद्यावर चौऱ्याण्णव टक्के दिसत होती. मी चार्जर लावून यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर बदलायला घेतलं.

४. काम अर्ध्यावर असताना वीज गेली. बॅटरी दोन सेकंदही टिकली नाही. यंत्र मेलं.

५. तुम्ही म्हणालात, "माझ्याच हाताने गेलं." मी खरं काय ते सांगितलं नाही.

एवढंच झालं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पाचव्या मुद्द्याच्या पुढे मला सरकता आलेलं नाही.

तो गेम तुम्हीच आणला होता. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. कोणाच्या तरी बंगल्यावरची जळालेली पाण्याची मोटार तुम्ही एका दिवसात नवी तार गुंडाळून भरून दिलीत, आणि तिथल्या कपाटात धूळ खात पडलेलं हे यंत्र बघून विचारलंत, "टाकनार असाल तर माझ्या पोरीला चालंल." सॉकेट सैल होतं. वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग व्हायचं. पण आतलं सॉफ्टवेअर आधीच कोणीतरी बदललेलं होतं, त्यामुळे कंपनीने बंद ठेवलेले दरवाजे त्यात उघडे होते. फुलपाड्याच्या आपल्या दीड खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर मी ते पहिल्यांदा चालू केलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "खेळायचं हाय का खोलायचं?" मी म्हणाले, दोन्ही.

खरं म्हणजे खेळण्यात मला फार रस नव्हता. त्यात एक बोटीचा गेम होता. जुन्या संगणकावरचा, कोणीतरी हौसेने या लहान यंत्रासाठी उतरवलेला. त्यात सेटिंगचा एक लांबलचक पडदा होता : लाटा, सावल्या, पाण्यातलं प्रतिबिंब, किती लांबचं दिसावं. सगळं चालू केलं की बोट अडखळत चाले. सगळं बंद केलं की बोट पळे, पण पाणी निळ्या फरशीसारखं दिसे. मी वहीत तक्ता आखला. एका वेळी एकच बदल करायचा, सेकंदाला किती चित्रं येतात ते लिहायचं, परत आधीचं करायचं, मग दुसरा बदल. सावल्या अर्ध्या केल्या की चार चित्रं वाढत. प्रतिबिंब बंद केलं की सात. तुम्ही जेवता जेवता वही बघितलीत आणि आईला म्हणालात, "हिचा गेम म्हनजे परीक्षाच हाय."

मग मला वेगाची गोष्ट कळली. यंत्राच्या आतली चिप सेकंदाला तेहतीस कोटी तीस लाख ठोक्यांवर चालू शकते. बॅटरी पुरावी म्हणून बनवणाऱ्यांनी ती बावीस कोटी वीस लाखांवर बांधून ठेवली होती. बदललेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा एका बटणाने वाढवता येत होता. मला आठवतं, मी ते वाचलं आणि यंत्र टेबलावर ठेवून थोडा वेळ त्याच्याकडे नुसती बघत राहिले. ताकद पहिल्यापासून आत होती. ती वापरायची नाही, एवढंच कोणीतरी ठरवलं होतं.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही घास थांबवलात. "सेकंदाला तेहतीस कोटी?"

"तेहतीस कोटी तीस लाख."

"म्हनजे सगळे देव एका सेकंदात येऊन जातात. आनि वरचे तीस लाख कोन?"

"पाहुणे असतील."

"मंग जेवनाचं बघा कोनीतरी," असं म्हणून तुम्ही आईकडे भाकरी मागितलीत.

पण हात धुऊन आल्यावर तुम्ही माझ्या शेजारी बसलात. मी आकडा वाढवला. लाटा चालू केल्या, प्रतिबिंब चालू केलं, सावल्या पूर्ण. बोट किनाऱ्यावरून सुटते. पाणी आता फरशी नाही. प्रत्येक लाट वेगळी उठते, वेगळी मोडते, बोटीच्या मागे फेसाची रेघ रुंद होत जाते आणि लांबचे डोंगर एकदम उगवण्याऐवजी हळूहळू वर येतात. तुम्ही पडद्याला नाक लागेल इतके पुढे झुकलात.

"हे कोनी काढून ठेवलंय?"

मी म्हणाले, कोणीच नाही. बोट वळेल तसा हिशोब होतो आणि चित्र तेव्हाच काढलं जातं. सेकंदाला तीस वेळा, दर वेळी नव्याने. मागचं पुसलं जातं.

"म्हनजे मी बघतो तेव्हाच होते ते?"

"हो."

तुम्ही एका लाटेवर बोट ठेवलंत, ती मोडली. मग म्हणालात, "आपली मोटार सेकंदाला चोवीस फेरे मारते." मिनिटाचे चौदाशे चाळीस भागिले साठ, मनातल्या मनात. आणि मग, "खाचरात वारा शिरला का पानी असंच कापते. चांदीपला, आत्याच्या शेतात बघितलंस ना? ते कोन हिशोब करतंय, सांग."

मी तो प्रश्न वहीत लिहिला. तो अजून तिथेच आहे. मी आता ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे याहून कितीतरी पटीने वेगवान यंत्रं असतात. त्यांतल्या एकाही यंत्रापुढे मला कोणी असा प्रश्न विचारलेला नाही.

तुम्ही यंत्राच्या पाठीला हाताची मागची बाजू लावलीत आणि मोजायला लागलात, मोटार तपासताना मोजता तसं. दहापर्यंत हात टिकला तर ठीक, आधी काढावा लागला तर मोटार बंद. "चाळीसच्या वर हाय. चालंल. पन गादीवर ठेवून खेळू नको, खालून वारा पायजे." मला तो अंदाज वाटला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी तापमापक मागून आणला आणि सुट्टीच्या दिवशी शेडवर आले. तुमच्यासमोर तीन मोटारी चालू होत्या. मी म्हणाले, हात लावून आकडा सांगा. तुम्ही हसलात, "बापाची परीक्षा घेते." पहिली बावन्न सांगितलीत, निघाली त्रेपन्न. दुसरी सत्तेचाळीस, निघाली सत्तेचाळीस. तिसरीला हात लावून लगेच काढलात, "ही पासष्ट, हिचं बेअरिंग जानार." चौसष्ट होती. मी आकडे वहीत लिहिले. चेहऱ्यावर कौतुक दाखवलं नाही, ते दाखवणं मला जमत नाही. पण घरी येऊन मी तो तक्ता तीनदा वाचला होता, हे तुम्हाला आज सांगते.

मग तो शनिवार. तुमच्याकडचा सोल्डरिंगचा लोखंडी दांडा जाड वायरींचा, या सॉकेटच्या टाचण्या, म्हणजे पिना, तांदळाएवढ्या. तुम्ही त्याचं टोक कानशीने घासून सुईसारखं केलंत. मी भिंग धरलं होतं. तुम्ही श्वास रोखून एक एक टाचणी भरलीत, पाच टाचण्या, मध्ये एकदाच घाम पुसलात. झाल्यावर म्हणालात, "जमलं की." तेव्हा वालीवमध्ये मोटारींना इलेक्ट्रॉनिक बोर्ड लागायला सुरुवात झाली होती. मोटारी जळायच्या कमी झाल्या होत्या आणि मालक तुम्हाला बोर्डांची दुरुस्ती शिकायला पाठवतो म्हणत होते. तुम्ही त्या सॉकेटवर स्वतःला तपासून बघत होतात. हे मला माहीत होतं.

घरी आल्यावर मी नवं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. कारण क्षुल्लक होतं. जुन्यात वाढवलेला वेग लक्षात राहत नसे, यंत्र बंद केलं की परत बावीस कोटी. नव्यात राहायचा. काम चालू असताना वीज जाऊन चालणार नव्हतं. कपाटाच्या दाराला आतून लोडशेडिंगचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, मीच चिकटवलं होतं. त्यात चार ते सहा असं लिहिलं होतं. तेव्हा अडीच वाजले होते. तो कागद मागच्या आठवड्याचा होता. बदललेली वेळ शेजारच्या काकूंनी सकाळीच जिन्यात ओरडून सगळ्यांना सांगितली होती. मी ऐकलं नव्हतं, कारण माझ्याकडे कागद होता. पंखा थांबला, पडदा काळा झाला. तुमचा हात, काकूंचा आवाज, दोन्ही बरोबर होते. मी कागदावरच्या आणि पडद्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवला होता.

वीज आल्यावर मी चार्जर लावून स्विच सरकवला. हिरवा दिवा लागला, थोडा वेळ राहिला आणि विझला. पडदा काळाच. त्याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला. सॉकेट सुटलं असतं किंवा चिप जळली असती तर दिवा लागलाच नसता. तुमचं काम पक्कं होतं. मोडलं होतं ते माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही यंत्र हातात घेतलंत. स्विच सरकवलात, वाट पाहिलीत, पुन्हा सरकवलात. मग ते माझ्या पुढ्यात ठेवलंत. "माझ्याच हाताने गेलं. दांड्यातून करंट उतरला असंल चिपमध्ये." मी वही बंद केली आणि म्हणाले, "असू दे." दोनच शब्द. पुढच्या आठवड्यात तुम्ही मालकांना सांगितलंत, बारीक काम आपल्याला जमणार नाही. तीन वर्षांनी तुम्ही गेलात, तोपर्यंत तांब्याची तारच गुंडाळत होतात.

मागच्या आठवड्यात मी ते यंत्र उघडलं. मेलेलं जागं करायची रीत आता माहीत आहे. वेगळ्या बॅटरीत नोंदलेला अनुक्रमांक बदलायचा, मग यंत्र मेमरी कार्डावरून उठतं. उठलं. मी सॉकेटच्या टाचण्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. सोल्डरचे पाचही डाग गुळगुळीत, चकचकीत, कुठे तडा नाही. माझ्या हाताखालच्या शिकलेल्या मुलींना मी ते दाखवले आणि हे कोणी केलंय ते सांगितलं नाही. एक म्हणाली, "मॅडम, हे मशीनचं काम आहे ना?" मी म्हणाले, नाही. आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. मोटार बंद पडली की पहिलं बघायचं ते सप्लाय येतोय का, हे मला तुम्हीच शिकवलंत. मग त्या सकाळी तुम्हाला हिरवा दिवा दिसला नाही, हे कसं? दिवा स्विचच्या अगदी शेजारी असतो. तुमचा अंगठा जाड होता, त्याखाली झाकला गेला असेल. किंवा तुम्हाला दिसला, सगळं कळलं, आणि तुम्ही माझी चूक उचलून स्वतःकडे घेतलीत. दुसरं खरं असेल तर बोर्डाचं काम तुम्ही तुमच्या कारणाने नाकारलंत. पहिलं खरं असेल तर ते माझ्या दोन शब्दांनी गेलं.

येत्या रविवारी मी चांदीपला आत्याकडे जाणार आहे. ती अजून सगळ्यांना हसत सांगते, "माझ्या भावानं पोरीचा गेम जाळला." तो तुम्ही जाळला नाही, हे मी तिला सांगणार आहे, ते ठरलं आहे. त्यापुढे काय सांगायचं ते ठरत नाही. मला दुसरं उत्तर सोयीचं आहे, म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही.

यंत्र समोर चालू आहे. बोट सोडून दिली आहे, पाणी तेहतीस कोटींवर हलतं आहे. मी पाठीला हात लावून दहा मोजले. मला वाटतं, एक्केचाळीस. तापमापक खणात आहे, काढलेला नाही.

तुम्हाला दिवा दिसला होता का, एवढंच सांगा. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.