गाणं अर्धं, गाडी चालू

आये, तू मला लग्नाचं गाणं अर्धंच शिकवलंस, आणि त्यापायी परवा भर खिंडीत, अख्ख्या वऱ्हाडासमोर माझी फजिती व्हायची राहिली. हे आधी ऐकून घे. बरी हायस का, ते मग विचारते.

बाचा मिठाचा ट्रक आठवतो ना? तोच, पेट्रोल ढोसणारा. माझ्या नातवाचं लग्न. त्यानं तो परसातून काढला, रंगवला, आणि हट्ट धरला की नवरदेव ह्यातूनच जाणार. जाऊ दे म्हटलं. पण पोरांनी पुढच्या जाळीवर हा एवढा फ्लेक्स ताणून बांधला, त्यावर नवरा-नवरी आणि गावातली झाडून सगळी तोंडं. इंजिनाला वारा मिळेल कुठून? पळस्पं सोडलं, खिंडीचा चढ लागला, आणि पाणी उकळून बॉनेटातून वाफ. गाडीनं दोन आचके दिले नि बसली. माझा मुलगा सेल्फ मारतोय, मारतोय. अगदी बा. मी म्हटलं, "सोड ते! नळीतल्या पेट्रोलची वाफ झालीय, पंप काय वारा ओढील? बॅटरी मारशील. आणि पाण्याच्या टाकीचं झाकण उघडू नको, तोंड भाजेल." तो म्हणतो, "आये, मुहूर्त टळंल, नवरीकडचे काय बोलतील?" म्हटलं, "बोलू दे. आधी तो फ्लेक्स फाड." "त्यावर मामांचा फोटो हाय!" "मग मामाला ढकलायला लाव."

तू जे करायचीस तेच केलं. गोणपाट भिजवलं, पेट्रोलच्या पंपावर नि नळीवर गुंडाळलं, आणि दगडावर बसून गाणं धरलं. बाचा ट्रक बंद पडला की तू अशीच बसायचीस, पदर खोचून, बा चाकाला लाथा घालतोय, आणि तू मांडवाला एकेक देव बोलावतेस. घरचा देव, शेताचा देव, खाडीचा देव. खाडी आली की नळी थंड, गाडी चालू, आणि आमी पोरं धावत गोणींवर. खाडीच्या पुढं कोण, ते मला कधी कळलंच नाय. लग्नात तू गाण्याच्या शेवटाला यायचीस तेव्हा मी पहिल्या पंगतीत जेवत. घरी विचारलं तर म्हणालीस, "चुलीपुढं गाणं म्हटलं की भाकरी करपते."

परवाही तसंच. बाया माझ्यामागं म्हणत होत्या, खाडीचा देव आला, मी म्हटलं, "मार आता सेल्फ." एका दमात चालू! पोरांनी शिट्ट्या घातल्या, चालू गाडीत हळूहळू पाणी ओतलं, सगळे चढायला लागले. तर नणंद हलेना. "वैनी, पुढचं म्हणा की. देव अर्धेच बोलावून लग्न लावायचं?" झालं. बायांची तोंडं उतरली, नवरदेव फेटा धरून माझ्याकडं बघतोय. मग मी काय करणार? मनानंच जोडलं. म्हटलं,

जुने गो सवाशिणी, मीठ तुझ्या पोटात,
पाणी घे नि चल बाय, नवरा तुझ्या ओटीत.

ट्रकलाच बोलावलं! बाया हसून हसून खाली बसल्या, नातवानं भोंगा वाजवला, आणि नणंद म्हणाली, "हां, असंच होतं ते, मला आठवलं." खोटारडी. आमी पोचलो तेव्हा भटजी अंतरपाट हातात घेऊन उभे होते, पण मुहूर्त गाठला. आता नळी सायलेन्सरपासून लांब घेतलीय, आणि जाळीवर कुणी हार जरी लावला तरी मी हात तोडीन.

हे पत्र पेटीत टाकणार नाय, पोस्टमनला तुझा तिकडचा पत्ता कुठला सांगू? फक्त एक राहिलं. ट्रकनंतर मी हळूच तुझंही नाव घेतलं, भोंग्यात कुणाला ऐकू गेलं नाय. आलेली असशील तर खाडीनंतर कोण ते सांग. आणि उत्तर तूच दे. बाला देऊ देऊ नको, तो म्हणेल, सेल्फ मारून बघ.